सावडीतली पेरणी

उत्तरा नक्षत्र सरत आलं होतं. पावसानं उघडीप दिली आणि रानाला वाफसा आला. माती मुठीत दाबली तर तिचा लाडू व्हावा आणि खाली टाकला तर फुटावा, अशी ओल. सिन्नरच्या पूर्वेकडच्या त्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी पेरायची तर याच दिवसांत. पण याच दिवसांत म्हणजे नेमकी कधी, यावर गावात दोन माणसांचं एकमत झाल्याचं कुणी पाहिलेलं नाही. एकमत झालं असतं तर पारावर बसायला विषय काय उरला असता?

सावळीराम सकाळी बांधावर उकिडवा बसून तंबाखू मळत होता. त्याची बायको लंकाबाई मोऱ्या बैलाला गवत टाकत होती. तेवढ्यात बांधाच्या पलीकडून सावळीरामचा धाकटा भाऊ फकिरा आला आणि खाली न बसता उभ्यानंच म्हणाला, “दादा, औंदा तू आधी पेर.”

सावळीरामचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा रान सारखं वाटलं, घरात मधे भिंत आली, भांडी वाटली, आणि बैलजोडीतला एकेक बैल एकेकाच्या दावणीला गेला. मोऱ्या थोरल्याकडं, कोशा धाकट्याकडं. एका बैलानं शेती होत नाही, म्हणून औतापुरती दोघांची सावड. बाकी बोलणं बेतास बात. बैल मात्र रोज एका जुवाखाली. पेरणीला नंबर ठरलेला होता. एका साली थोरला आधी, दुसऱ्या साली धाकटा. या नंबरावरून कधी भांडण झालं नाही, कारण तो कुणी कधी सोडलाच नाही. पोरीच्या लग्नाच्या घाईतही फकिरानं आधी पेरणीची पाभर चालवली होती आणि मगच वऱ्हाडाच्या गाडीत बसला होता.

“का? नंबर तुझा हाय,” सावळीराम म्हणाला.

“असू दे. तू पेर.”

“का पण?”

“आता का काय त्यात? पेर म्हणलं तर पेर!” असं म्हणून फकिरा वळला आणि हळूहळू बांध उतरून गेला.

सावळीरामनं तंबाखू तोंडात टाकली, पण ती त्याला गोड लागली नाही. “काहीतरी हाय याच्या मनात,” तो म्हणाला. “फुकट कुणी नंबर सोडतं व्हय?”

लंकाबाईलाही वाटलं, काहीतरी आहे. पण काय? आधी पेरणं म्हणजे फायदाच, असंही नव्हतं. दोन सालांमागं फकिराचा नंबर होता. त्यानं आधी पेरली, ढगाळ हवा पडली, आणि खोडमाशीनं त्याच्या रोपांचे पोंगे जाळले. मागून पेरलेली सावळीरामची ज्वारी तरारून आली. गेल्या साली सावळीरामनं आधी पेरली तर पुढं पाऊसच नाही. त्याला ओल पुरली आणि फकिराचं मागून पेरलेलं अर्धं उगवलंच नाही. म्हणजे फकिरा आता देतोय ते दान म्हणायचं की गळ्यात मारतोय म्हणायचं? बाईनं गवत टाकता टाकता पुष्कळ विचार केला. मोऱ्यानं तेवढ्यात सगळं गवत संपवलं.

दुपारी सावळीराम बाजारपेठेत गेला आणि खताच्या दुकानात किशोरला विचारून आला. किशोर म्हणाला होता, “काका, आत्ता टाकली की खोडमाशी धरणारच. जरा थांबा. नाय तर बियाण्याला औषध चोळा.” संध्याकाळी मनमाडहून पोराचा, नवनाथचा फोन आला. तो रेल्वेत ठेकेदाराकडं कामाला. तो म्हणाला, “मोबाईलवर पुढल्या हप्त्यात लय पाऊस दाखवतोय. थांबू नका, लगेच पेरा. नाय तर चिखलात बसाल.” शेजारची भिमाबाई म्हणाली, “हस्ताचा हत्ती लागल्याबिगर ज्वारीला हात लावू नये. माझ्या सासऱ्यानं कधी लावला नाय.” तिच्या सासऱ्याचं रान कसं पिकायचं, हे सांगणारं आता कुणी नव्हतं.

“तीन तोंडं, तीन गोष्टी,” सावळीराम म्हणाला. “अन् चौथा तो. नंबर सोडणारा.”

दुसऱ्या दिवशी तो बांधावर गेला आणि फकिराला म्हणाला, “नंबर तुझाच. तू पेर.” फकिरा म्हणाला, “मी म्हणतोय ना, तू पेर.” “मला फुकटचं नको.” “मग पडू दे तसंच!” अशी दोघांची आग्रहाची भांडणं सुरू झाली. लग्नाच्या पंगतीत जिलबीचा आग्रह करावा तसे दोघं एकमेकांच्या पानात पेरणी वाढत होते आणि दोघंही हात आडवा धरत होते. इकडं ऊन तापत होतं. लंकाबाई रोज रानात जाऊन माती मुठीत दाबून बघायची. लाडू व्हायचा, पण आदल्या दिवसापेक्षा लवकर फुटायचा.

“अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात,” ती नवऱ्याला म्हणाली. “इथं दोघं शहाणे, अन् दोन्ही बैल रिकामे.”

“तू मधी बोलू नको,” सावळीराम म्हणाला. आणि तो पुन्हा बांधाकडं निघाला.

त्या दिवशी उन्हं कलताना लंकाबाई बांधावर गवत कापत होती. पलीकडून तिची जाऊ फुलाबाई आली, शेजारी बसली आणि विळा चालवायचं सोडून नुसतीच बसून राहिली.

“काय गं?” लंकाबाईनं विचारलं.

“आक्का, दादांना सांगा ना, पेरून घ्या म्हणावं. रविवारच्या आत.”

“रविवारी काय हाय?”

फुलाबाईनं इकडं तिकडं पाहिलं. “तुम्हाला माझ्या गळ्याची आण हाय. कुणाला बोलायचं नाय.” मग तिनं सांगितलं. फकिराचा डावा गुडघा गेला होता. नाशिकच्या डॉक्टरनं वाटी झिजली म्हणून सांगितलं होतं, आता औतामागं चालायचं नाही. घरात खाली बसता येईना. जेवायलासुद्धा तो खाटेवर बसायचा. फुलाबाई रात्रंदिवस शेकायची, पण त्यानं तिला बजावलं होतं, दादाला कळता कामा नये. “मागच्या साली दादांना पाभर दाबताना धाप लागली, तवा हे हसले होते ना, म्हातारा झाला म्हणून? आता कुठल्या तोंडानं सांगायचं?” आणि औत होणार नाही तर बैल कशाला, म्हणून कोशाला गिऱ्हाईक बघितलं होतं. ते रविवारी यायचं होतं. “ते म्हणतात, आधी दादाची पेरणी होऊ दे, मग बैल जाऊ दे. आपलं रान मागून ट्रॅक्टरनं पेरू, तो येईल तवा.”

लंकाबाईच्या हातातलं गवत तसंच राहिलं. तिला आधी दिराची दया आली, आणि लगेच मागून भीती आली. कोशा गेला म्हणजे मोऱ्याही गेला. एकट्या बैलाला दावणीला बांधून पूजा करायची काय? आणि मोऱ्या गेला की तिचा नवरा काय करणार होता, हे तिला कळेना. तो माणूस पहाटे उठून आधी मोऱ्याच्या पाठीवर हात फिरवायचा आणि मग चूळ भरायचा. तिच्या पाठीवर त्यानं कधी असा हात फिरवला नव्हता, आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नव्हतं.

घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, “ऐका माझं. भावजी म्हणतात तर पेरून टाका उद्या.”

“तुला कुणी काय सांगितलं?”

“मला कोण सांगतंय?” गळ्याची आण आठवून ती चुलीकडं वळली. “ओल चाललीय, एवढंच.”

सावळीराम भिंतीला टेकून बसला. मग एकदम मांडी थोपटून म्हणाला, “त्याला माझ्यावर उपकार करायची हौस आलीय ना? थांब. नंबर त्याचा, तर रान त्याचंच आधी. अन् पेरणारा मी. मीच त्याचं रान पेरून देतो. बघू दे साऱ्या गावाला, कोण कुणावर उपकार करतो ते.”

लंकाबाई त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. हसावं की रडावं, तिला समजेना. आण मोडून सांगावं, तर उद्याच्या उद्या फुलाबाईचं घर पेटलं असतं. न सांगावं, तर आपलं रान मागं राहून बैल जाणार. रात्रभर तिनं कूस बदलली आणि सकाळी उठून भाकरी थापायला बसली. दुसरं करणार काय?

उजाडता उजाडता सावळीराम मोऱ्याला घेऊन बांधापलीकडं गेला, कोशाला दावणीवरनं सोडलं, आणि दोघांच्या मानेवर जू ठेवून शिवळांच्या खुंट्या अडकवल्या. फकिरा दारात येऊन ओरडला, “दादा, तू तुझं पेर म्हणलं ना!”

“गप बस बांधावर. वहिवाट मोडायची नाय मला.”

फकिरानं दाराची चौकट सोडली. तो खरंच बांधावर जाऊन बसला, डावा पाय सरळ लांब करून. सावळीरामनं ते पाहिलं आणि लंकाबाईला हळूच म्हणाला, “बघ कसा बसलाय पाय पसरून. इनामदारच जसा!”

पाभर चालू लागली. पहिल्या ओळीला पाभरीच्या चाड्यावर फुलाबाईनं बियाण्याची मूठ धरली, रान तिचं म्हणून. ज्वारीचे दाणे तिच्या बोटांतून नळ्यांत सरसर जात होते आणि ती पदरानं डोळे पुसत होती. सावळीरामला वाटलं, धूळ जातेय. तो सारा भार टाकून पाभर दाबत होता. मान ताठ, पाठीवर घामाचा मोठा डाग. मधेच फणात ढेकूळ अडकलं. सवयीनं फकिरा बांधावरून उठायला गेला, अर्धवट उठला, आणि हात टेकून परत बसला. लंकाबाईच्या ते नजरेस पडलं. ती धावत गेली, ढेकूळ काढलं आणि चाड्यावर जावेची जागा घेतली. तिला नवऱ्याचा राग येत होता आणि अभिमानही वाटत होता. माणूस खुन्नस म्हणून असं काम करत होता, जे एरवी मायेनंही कुणी केलं नसतं.

फकिराचं रान पेरून झालं. सावळीरामचं दुसऱ्या दिवशी धरायचं होतं. पण संध्याकाळी ढग आले आणि हत्ती पडला. असा पडला, की ओढ्याचं पाणी बांधाला लागलं. सावळीरामच्या रानात पाय ठेवला की घोट्यापर्यंत जात होता.

रविवारी गिऱ्हाईक टेंपो घेऊन आलं. लंकाबाई भिंतीला कान लावून उभी होती. लाज वाटत होती, पण ती उभी होती. फकिरा त्यांना म्हणाला, “नाय द्यायचा बैल. भावाची पेरणी राहिलीय.” टेंपो रिकामा गेला. लंकाबाईनं चिखलानं भरलेल्या आपल्या रानाकडं पाहिलं, आणि ते तसंच ओलं राहावं असं तिला क्षणभर वाटून गेलं. शेतकऱ्याच्या बायकोनं असं मनात आणावं, हे तिचं तिलाच पटेना.

रानानं मात्र तिचं ऐकलं. वाफसा यावा तर पुन्हा सर पडायची. चित्रा नक्षत्र गेलं, दिवाळी उरकली, आणि थंडी पडायला लागल्यावर कुठं सावळीरामची पाभर चालली. “पडतील स्वाती तर पिकतील मोती,” तो बैल हाकताना म्हणाला. स्वाती काही पडल्या नाहीत, आणि रिकामं गेलेलं बैलाचं गिऱ्हाईकही परत फिरकलं नाही.

पण सुरुवातीला झालं ते भलतंच. फकिराच्या ज्वारीला खोडमाशी लागली. रोपाचा मधला पोंगा धरला की अलगद हातात यायचा, आणि बुडाशी घाण वास. दर दोन-चार ताटांमागं एक गेलेलं. फकिरा बांधावर उभा राहून ओरडला, “दादाला ठाऊक होतं! किशोरनं त्याला दुकानातच सांगितलं होतं. म्हणून माझं आधी उरकलं! मी याला चांगुलपणानं नंबर देत होतो, अन् यानं माझ्याच रानात माशी घातली!”

सावळीरामनं हे ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. “याचं रान मी माझ्या घामानं पेरलं,” तो लंकाबाईला म्हणाला, “अन् हा असं बोलतो?” पण त्याचा आवाज पुरता चढला नाही. कारण किशोरनं सांगितलं होतं, हे खरंच होतं. आपण नंबर नको म्हणालो तो मानापायी, की माशीच्या भीतीनं, हे त्याचं त्यालाच नीट सांगता येत नव्हतं. उशिरा पेरलेलं त्याचं रान तेव्हा कोवळं, हिरवंगार आणि एकाही रोगाशिवाय उभं होतं. दोघा भावांचं होतं नव्हतं तेवढंही बोलणं बंद झालं.

पौष लागला आणि सगळं उलटं फिरलं. फकिराच्या मेलेल्या पोंग्यांशेजारून फुटवे निघाले. मुळं खोल गेलेली, खाली हत्तीची ओल. ताटं खांद्याला लागली आणि कणसं दाण्यानं भरली. सावळीरामची ज्वारी थंडीनं आखडली. कमरेएवढी झाली आणि तिथंच थांबली. कणसं पोटरीतच, पानांच्या गुंडाळीतच अडकली. वरची ओल उडून भुई भेगाळली, आणि मग खडखड्या आला: ताट आतून पोकळ व्हायचं आणि वारा आला की आडवं पडायचं.

“आता कळलं मला,” सावळीराम म्हणाला. “त्यानं आधी पेर, आधी पेर म्हणून मुद्दाम लकडा लावला. मी फुकटचं घेणार नाय, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून बरोबर मला मागं टाकलं!”

लंकाबाईनं डोक्याला हात लावला. आधी पेरलेलं आधी गेलं आणि मग आलं. उशिरा पेरलेलं आधी आलं आणि मग गेलं. दोघांनी एकाच गोष्टीचा दोनदा संशय घेतला, एकदा ह्यानं, एकदा त्यानं. आणि खरं काय ते फक्त बायकांना ठाऊक. पण खरं काय ते ठाऊक असून तिला तरी कुठं कळत होतं, की पेरणीची चूक कुणाची झाली? पावसाची म्हणावी तर तोच पाऊस एका रानाला पुरला. मानाची म्हणावी तर त्याच मानानं भावाचं घर भरलं. तिनं हा गुंता भिमाबाईजवळही बोलून पाहिला, गुडघ्याचं तेवढं गाळून. भिमाबाई म्हणाली, “म्हणून सांगत होते, हत्ती लागल्यावर पेरा.”

फाल्गुनात ज्वारी उपटायला आली. सावळीराम आणि लंकाबाई दोघंच आपल्या रानात वाकली होती. पोकळ ताटं हिसका न देताच निघत होती, आणि तेच जास्त दुखत होतं. कणसं हलकी, कडबा तर एका जनावराला होळीनंतर पुरेल की नाही असा. पलीकडं फुलाबाईनं मजूर बायका लावल्या होत्या आणि पेंढ्यांवर पेंढ्या पडत होत्या.

तेवढ्यात बांधावरून फकिरा आला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कोशाचा कासरा. मागं फुलाबाई. त्यानं काठी लपवली नव्हती, पण सावळीरामनं तिच्याकडं पाहिलंही नाही.

“दादा,” फकिरा म्हणाला, “कोशाला तुझ्याकडं बांध. माझ्याच्यानं आता होत नाय. जोडी राहील तुझी. अन् माझा कडबा बी ने. तुझ्या रानात काय वैरण नाय निघायची.”

सावळीराम ताठ झाला. हातातलं ताट त्यानं भुईवर आपटलं. “भीक घालतो मला? आधी रान बुडवलं, आता वैरण टाकतो? ने तो बैल! विक नाय तर काय बी कर! मला नको तुझी जोडी!”

फकिराचा चेहरा काळवंडला. “बरं,” तो म्हणाला आणि कासरा ओढून वळायला लागला. वळताना गुडघा दुमडला, आणि पडू नये म्हणून त्यानं बैलाच्याच पाठीवर हात टाकला.

लंकाबाई उभी राहिली. तिनं जावेकडं पाहिलं. फुलाबाईनं मान खाली घातली. आण सुटली, हे लंकाबाईनं तेवढ्यावरच ओळखलं.

“त्यांचा गुडघा गेलाय,” ती नवऱ्याला म्हणाली. “पेरणीच्या आधीपासून. औतामागं चालता येत नव्हतं, म्हणून बैल विकणार होते. तुमचं पेरून व्हावं म्हणून नंबर सोडला. तुम्ही त्यांचंच पेरलंत, म्हणून बैल राहिला. डाव नव्हता. कुणाचाच नव्हता.”

रानात वाऱ्यानं ताटं वाजत होती. सावळीराम आधी बायकोकडं, मग भावाच्या काठीकडं, मग त्याच्या पायाकडं बघत राहिला.

“तुला ठाऊक होतं?” त्यानं बायकोला विचारलं.

“होतं.”

“मग मला तवाच सांगायचं ना!”

“सांगितलं असतं, तर कुणाचं आधी पेरलं असतं तुम्ही?”

सावळीरामनं तोंड उघडलं. ‘त्याचंच’ म्हणायचं त्याच्या जिभेवर आलं होतं, लंकाबाईला ते दिसलं. मग त्यानं आपल्या कमरेएवढ्या ज्वारीकडं पाहिलं, वर्षभराच्या भाकरीचा मनाशी अंदाज घेतला, आणि तोंड मिटलं.

“ठाऊक नाय,” तो म्हणाला. इतकं खरं तो आयुष्यात क्वचितच बोलला असेल, आणि बोलताना त्याला फार लाज वाटली.

फकिरा बैलाच्या पाठीला टेकून उभा होता. “मला ठाऊक हाय,” तो म्हणाला. “तू माझंच पेरलं असतंस. आपलं पडीक टाकून पेरलं असतंस. म्हणून तर सांगितलं नाय.”

सावळीरामनं मातीचे हात धोतराला पुसले. तो बांध चढून गेला, भावाच्या हातातून कासरा घेतला, आणि दुसरा हात त्याच्या काखेत घातला. “हळू,” तो म्हणाला, “इकडून उतर. तिकडं भेग हाय.”